दुमजली गोगलगाईचा साक्षीदार

गजभिये गेल्याची बातमी मला बुधवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात कळली. त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन होता. "अंकल, पापा नहीं रहे. सुबह चाय पी, कुर्सी पे बैठे, और बस..." जिन्यात माणसं वर-खाली करत होती, मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पहिला विचार काय आला असेल? आता रविवारी दुपारी काय करायचं! माणूस आपमतलबी असतो, मी तर जरा जास्तच. दुसरा विचार आला तो काढ्याच्या बाटलीचा. रविवारपासून ती माझ्या ओट्यावर भरलेली तशीच उभी होती आणि मी त्यांना साधा फोनही केला नव्हता. आज सात आठवडे झाले. गजभियेंबद्दल लिहायचं तर त्या बाटलीबद्दलही लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस टाळत होतो...

प्रल्हाद गजभिये रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. गजभियेंचा जन्म इथला, घर भनपुरीला, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, घरात ते आणि सुजाता. मी मूळचा पुण्याचा. सहा वर्षांपूर्वी इथल्या एका संस्थेत आलो. प्रशिक्षणाची पुस्तकं तयार करणं हे माझं काम. बायकोची नोकरी पुण्यात, मुलगा शिकायला बाहेर, त्यामुळे समता कॉलनीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मी एकटा राहतो. आठवड्याचे सहा दिवस कसेही निघून जातात, रविवारची दुपार मात्र निघता निघत नाही. खाली दवाखाना बंद, गल्ली सामसूम, आणि आपण खिडकीत उभं राहून समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहताना बघायची. बायकोला फोन केला तर ती विचारणार, "जेवलास का?" मी म्हणणार, "हो." झालं, संपला फोन.

कारखान्यातला सुरक्षा-वर्ग कसा चालतो हे बघायला मला सिलतऱ्याला पाठवलं होतं, तिथे आमची गाठ पडली. जेवणानंतरची वेळ, पत्र्याची शेड, पन्नास-साठ कामगार अर्धवट झोपेत, आणि समोर एक बुटका, जाड भिंगांचा माणूस. त्यानं पडद्यावर नियमांची यादी लावली नाही, सिनेमाचा तुकडा लावला. एका शहराच्या भुयारी रेल्वेत आगगाडीएवढी गोम शिरली आहे. तिचे पुढचे पाय हलताहेत, मागचे हलवायचे राहून गेले आहेत. शेड खडबडून जागी झाली. गोमेनं एक डबा गिळल्यावर त्यानं चित्र थांबवलं आणि विचारलं, "अब बताओ, गेट किसको बंद करना था?" दहा-बारा हात वर झाले. पुढचा तासभर त्या गोमेच्या निमित्तानं गेट, कुलूप, सूचना-फलक, सगळं बोलून झालं आणि एकही माणूस पेंगला नाही. वर्ग संपल्यावर मी त्यांच्याशी हिंदीत बोलायला गेलो. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून ते म्हणाले, "जोशी? मंग मराठीत बोला नं. काहून हिंदीची मान मुरगाळून राहिले?"

पुढे कारखान्यातल्या वरच्या लोकांनी तो प्रकार बंद केला. सुरक्षेसारख्या गंभीर विषयात असले सिनेमे दाखवू नयेत, असं लेखी आलं. गजभियेंनी ते पत्र मला दाखवलं तेव्हा ते रागावलेले नव्हते, चक्रावलेले होते. "पोट्टे जागे राह्यत होते हो. आता यादी वाचून दाखवतो तर पुन्हा झोपून राहिले." मग पत्राची घडी घालून म्हणाले, "तुमच्याकडं टीव्ही मोठा हाये का?"

अशी आमची रविवारची दुपार सुरू झाली. परदेशातले हे स्वस्तातले राक्षसपट हिंदी आवाज देऊन दाखवणारी एक वाहिनी आहे, रविवारी दोनला तिच्यावर एक असतोच असतो. गजभिये पावणेदोनला यायचे. भनपुरीपासून स्कूटरवर, हनुवटीखालचा पट्टा घट्ट आवळून. शिरस्त्राण दारामागच्या खिळ्याला अडकवायचं, स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी बघायची (तिची मुदत संपल्याचं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सुनावलं होतं), आणि मग मुर्रा, म्हणजे आपले चुरमुरे, आणि फुटाणे यांची पुडी सोडून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. दाराजवळच्या खुर्चीत मी. "बाहेर निंघाची वाट मोकळी पायजे," हे त्यांचं कारण. आग लागली तर मी आधी निसटावं, अशी ती व्यवस्था होती.

मी चांगले सिनेमे बघणारा, निदान तसं सांगत फिरणारा माणूस. पहिले दोन रविवार मी उपकार केल्यासारखा बसलो. तिसऱ्या रविवारी दुमजली गोगलगाय आली आणि मी कामातून गेलो. ही गोगलगाय कुठल्याशा प्रयोगशाळेतून निसटते आणि समुद्रकाठच्या एका शहरावर चालून येते. चालून येते ती अर्थात गोगलगाईच्याच गतीनं. माणसाला घर आवरून, दूधवाल्याला निरोप ठेवून, कुलूप दोनदा ओढून बघून निघता येईल इतका वेळ आहे. तरी लोक किंचाळत पळतात, आणि वर सापडतात! एक जण तर तिच्याकडे तोंड करून उलटा पळतो. उलटणाऱ्या मोटारींपैकी एकीच्या बुडाला खेळण्याची किल्ली दिसते. महापौर आणि पोलीसप्रमुख दोघांना हिंदी आवाज एकाच माणसाचा, त्यामुळे ते भांडायला लागले की एकटाच माणूस स्वतःशी वाद घालतोय असं वाटतं. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. रायपूरला आल्यापासून त्या घरात मोठ्यानं हसण्याची ती पहिलीच वेळ होती, माझं मलाच ते ऐकून दचकायला झालं.

गजभिये मात्र हसत नव्हते. ते त्या नटीकडे पाहत होते. "हे पोट्टी खरंच रडून राहिली हो," ते म्हणाले. "समोर काहीच नाई, हे हिले कोणी सांगतलंच नाई वाटते." आणि मग मला त्या सिनेमांची खरी चव कळली. जाणूनबुजून वाईट केलेला सिनेमा आम्हाला दहा मिनिटंही सोसायचा नाही, त्यातला चावटपणा लगेच कळतो. पण हाताशी काही नसताना कोणीतरी जीव ओतून रबराची गोगलगाय बनवली आहे, दोरी दिसतेय हे ठाऊक असून चित्रण चालू ठेवलं आहे, आणि एक बाई नसलेल्या गोगलगाईला पाहून मनापासून रडते आहे, हे दिसलं की आम्ही विरघळायचो. हसायचोही आणि त्यांच्या बाजूनंही असायचो. गजभियेंचं म्हणणं आणखी साधं होतं. "मले काय आवडते, माहीत हाये? इथं मेलेला माणूस शूटिंग झाली का उठून चहा पेते."

सिनेमा संपला की वही निघायची. जाड पुठ्ठ्याची, कारखान्यातल्यासारखी, पेन सुतळीनं बांधलेलं. अपघाताच्या अहवालाचे रकाने त्यांनी पट्टीनं आखले होते आणि प्रत्येक सिनेमाचा अहवाल त्यात रीतसर लिहिला जायचा. घटना, स्थळ, मृत, जखमी, मूळ कारण. गोगलगाईपुढे लिहिलं होतं: 'प्रयोगशाळेचे मागचे दार उघडे. शिवाय लोक मागे पाहून धावत होते.' त्यापुढचे दोन रकाने कुठल्याच सरकारी अहवालात नसतात, ते गजभियेंचे स्वतःचे: 'कोणी सांगितले होते' आणि 'कोणी ऐकले नाही'. पहिल्यात बहुतेक वेळा चष्मेवाली डॉक्टरीण, दुसऱ्यात बहुतेक वेळा महापौर, कारण त्याला जत्रा रद्द करायची नसते. शेवटचा रकाना साक्षीदाराच्या सहीचा. साक्षीदार मी. हे सगळं मराठीत असायचं. "कारखान्यात हिंदी, घरी सुजाता हिंदीत बोलते," ते म्हणायचे. "मराठी लिवाले मले हे एकच वही हाये."

या वहीचे कायदे कडक होते. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय सही नाही. एकदा मी मध्येच डुलकी घेतली आणि शेवटी साळसूदपणे पेन हातात घेतलं. त्यांनी वही मागे ओढली. "खेकडा पुलावर चढला तवा तुमी कोठी होते?" मी हसलो, ते हसले नाहीत. तो सिनेमा पुन्हा लागेपर्यंत तीन महिने माझी सही अडकून राहिली, आणि केली तेव्हाही तारीख सही केली त्याच दिवशीची टाकायला लावली. खाडाखोडीचाही नियम होता. चुकलेला शब्द गिरवायचा नाही, पांढरं औषध लावायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं काय ते लिहायचं, सही, तारीख. "चूक झाकाची नसते जोशीभाऊ, दाखवाची असते." मी पुस्तकं तपासणारा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पुसत आलेला. मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं.

गंमत एकदाच अंगाशी आली. दिवाळीला मी तीन आठवडे पुण्याला निघालो होतो. त्यांचा खोळंबा नको म्हणून, आणि थोडी थट्टा म्हणूनही, पुढच्या तीन कोऱ्या ओळींवर मी आधीच सह्या ठोकून दिल्या. गजभियेंनी पान पाहिलं. पट्टी लावून ते पान फाडलं, चौघडी करून खिशात घातलं, खिळ्यावरचं शिरस्त्राण उचललं आणि चहा न घेता निघून गेले. माझं डोकं फिरलं. रबरी खेकड्यांच्या वहीवरून इतका ताठा! मी पुण्याला गेलो, तीन आठवडे फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. पुण्यात घर भरलेलं होतं, फराळ होता, पण रविवारी दुपारी दोन वाजले की मी घड्याळाकडे बघायचो आणि चिडायचो.

परत आलो त्या रविवारी ते पावणेदोनला हजर. टीव्ही लावू दिला नाही. म्हणाले, "आधी ऐकून घ्या." मग त्यांनी जे सांगितलं ते इथे थोडक्यात लिहितो. फार वर्षांपूर्वी ते एका दुसऱ्या, आता बंद पडलेल्या कारखान्यात नवे-नवे लागले होते. बायको बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी होती. निरोप आला तसे ते निघाले. पण दोन दिवस काम अडायला नको म्हणून तीन कोऱ्या परवान्यांवर सह्या करून गेले. बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासल्याचा तो परवाना असतो. "त्याच्यावर माझी सही हाये म्हंजे मी सोता जाऊन पाह्यलं, असा त्याचा अर्थ होते." कोणीच पाहिलं नव्हतं. बिसाहू नावाचा फिटर त्या सहीवर आत उतरला आणि बाहेर आला नाही. त्याच सकाळी नागपूरला सुजाता झाली होती.

"चौकशी झाली," गजभिये म्हणाले. "कागद बरोबर होता नं. म्हणून कोणाले काहीच झालं नाई. मलेही नाई." खाली गल्लीत कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. "पोट्टीचा वाढदिवस आला का मले केक गिळत नाई. तिले वाटते पापाले गोड आवडत नाई." मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "त्या पिच्चरमंदी शेवटी कोणीतरी त्या डॉक्टरणीले म्हणते, बाई, तुमचं बरोबर होतं. आमच्या कामात तसं नसते. ज्या दिवशी आपलं बरोबर ठरते, त्या दिवशी कोणीतरी मेलेला असते. काहीच झालं नाई का समजाचं, आज काम चांगलं झालं." मग चष्मा पुसून म्हणाले, "लावा आता. सुरू झाला असन."

त्यानंतर आम्ही जास्त जवळ आलो असं मी लिहिलं असतं, आणि ते खोटंही नाही. पण माणूस जवळचा झाला म्हणून आपला भित्रेपणा जातो, असं थोडंच आहे...

राजधानीच्या ऑफिसांमध्ये बाहेरून आलेली आम्ही सहा-सात मराठी माणसं आहोत. महिन्यातून एकदा जमायचं, पुस्तकांबद्दल, सिनेमांबद्दल बोलायचं असं ठरलं होतं. एका रविवारी दुपारची पाळी माझ्याकडे आली. बाराच्या सुमाराला माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: ही सगळी चोखंदळ मंडळी बसली आहेत, आणि गजभिये मुर्ऱ्याची पुडी सोडून मूळ कारण लिहिताहेत. मी फोन उचलला आणि सांगितलं, "आज नका येऊ. मला ताप आहे."

"ताप? काढा आणू का?"

"नको. झोपतो जरा."

"हव. झोपा तुमी. मी घरीच पाहून घेतो, रिपोर्ट लिवून ठेवतो."

लाज फक्त सिनेमाची वाटली, असं मला म्हणायला आवडलं असतं. पण गजभियेंच्या 'मले-तुले'ची वाटली, त्यांच्या मुर्ऱ्याची वाटली, आणि त्याच्या खाली आणखी काय काय होतं ते माझ्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला पुरतं ठाऊक असतं. पाहुणे तीनला आले. परदेशी सिनेमांवर गंभीर बोलणं झालं. साडेचारनंतर गप्पा ओसरल्या, तेव्हा मी आपला हुशारी दाखवायला म्हणालो, "आमच्याकडे दर रविवारी एक नमुना येतो." आणि मी गोगलगाय सांगितली, वही सांगितली, सह्यांचे नियम सांगितले. नुसतं सांगितलं नाही, नक्कल केली. 'काहून', 'लिवून ठेवतो', सगळं करून दाखवलं. बिसाहूचं मात्र सांगितलं नाही, एवढी लाज शिल्लक होती. मंडळी हसून हसून लोळली. सहाला त्यांना पोचवायला दार उघडलं तर बाहेर त्यांच्या सहा जोडी चपला-बुटांच्या वर, कडीला एक पिशवी लटकत होती. आत काढ्याची बाटली, तिला चिकटपट्टी, त्यावर गजभियेंचं अक्षर: 'रविवारी केला. गरम करून घ्यावा. मंगळवारनंतर घेऊ नये.'

ते कधी येऊन गेले, किती वेळ उभे होते, त्यांनी काय ऐकलं... रात्रभर हेच. सोमवारी फोन करायचा म्हणून करू शकलो नाही. मंगळवारी ठरवलं, बुधवारी संध्याकाळी सरळ भनपुरीला जायचं आणि समोर बसून सांगायचं. बुधवारी सकाळी सुजाताचाच फोन आला.

भनपुरीच्या घरासमोर कारखान्यातली पुष्कळ माणसं जमली होती. त्रिशरण-पंचशील झालं. मी मागे उभा होतो. माझ्या शेजारी एक म्हातारा कामगार हातातलं पिवळं शिरस्त्राण गोल गोल फिरवत होता. तो म्हणाला, "साहब बहुत टोकते थे. इतने साल में हमारे शेड से कोई कम नहीं हुआ." ज्या वाक्यासाठी गजभिये तो सगळा काळ सिनेमातल्या डॉक्टरणीकडे बघत बसले, ते हे होतं. ऐकायला ते नव्हते.

महिन्याभरानं सुजाता माझ्याकडे आली. बँकेतल्या कामावरून थेट आली होती, थकलेली होती. पिशवीतून वही काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. "ये तो आप दोनों का है, अंकल." मी शेवटचं पान उघडलं. त्या रविवारचा अहवाल होता. धरणातून निघालेल्या बेडकाचा. सगळे रकाने नेहमीसारखे नीट भरलेले. साक्षीदाराच्या रकान्यात लिहिलं होतं: 'साक्षीदार तापाने आजारी. नंतर पाहून सही करावी.'

मला हायसं वाटलं. म्हणजे सिनेमा संपल्यावर लगेच लिहिलं असेल, इकडे येण्याआधी. नंतर आले, चपला पाहिल्या, पण वहीत तोवर लिहून झालं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बेटा, त्या रविवारी पापा इकडे कधी आले होते?"

"पिक्चर खतम होते ही निकल गए थे, काढ़ा लेके," ती म्हणाली. "वापस आए तो मैंने पूछा, अंकल कैसे हैं? बोले, तेज बुखार है, सो रहे हैं, इसलिए दरवाजा नहीं खटखटाया. फिर ये रजिस्टर लेके बैठे. उस दिन बहुत देर लगाई लिखने में."

तिला मी चहा करून दिला. ती गेल्यावर पुष्कळ वेळ वही मांडीवर घेऊन बसून राहिलो. म्हणजे सहा जोडी चपला बघून, दारातून हसणं ऐकून ते घरी गेले होते, आणि मग त्यांनी ही ओळ लिहिली होती. बिसाहू गेल्यापासून ज्या माणसानं न पाहिलेलं एक अक्षर कागदावर येऊ दिलं नाही, खेळातल्या वहीतसुद्धा येऊ दिलं नाही, त्यानं एक धडधडीत खोटी नोंद केली होती. माझ्यासाठी केली होती. कशासाठी, मला वाचवायला, की मी स्वतःच ती एक दिवस दुरुस्त करीन म्हणून? मला अजून ठरवता येत नाही. मी मोठ्यानं रडलो एवढं खरं. त्या घरात मोठ्यानं रडायचीही ती पहिलीच वेळ.

तेव्हापासून दर रविवारी दोनला मी वाहिनी लावून बसतो. ते सिनेमे फिरून फिरून येतात, फक्त वाट बघावी लागते. एका रविवारी विंचू आले, एकदा आमचीच गोगलगाय आली. गोगलगाय मी पाच मिनिटांत बंद केली. एकट्यानं ती बघवत नाही. ती किल्ली दिसते आणि कोणाला दाखवणार? मुर्रा आणून पाहिला, तो पुडीतच मऊ पडला. दारामागचा खिळा तसाच आहे. येता-जाता हात लागतो.

आज बेडूक आला. मी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीत बसलो, खिडकीजवळची मोकळी ठेवली. बेडूक बसगाड्या जिभेनं ओढून गिळतो, आणि जीभ म्हणजे सरळसरळ गालिचा आहे, कडेच्या झालरीसकट. एका बसमधला चालक गिळला जाण्याआधी शिस्तीत हाताचा ब्रेक लावतो. मला फस्सकन हसू आलं, आणि "पाहिलंत का?" म्हणून मी खिडकीकडे वळलोसुद्धा... वही उघडून मी त्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. मृत बरोबर, जखमी बरोबर. 'कोणी सांगितले होते' या रकान्यात त्यांनी डॉक्टरीण लिहिली नव्हती, धरणावर चहा विकणारी म्हातारी लिहिली होती. मी नीट पाहिलं. खरंच, सुरुवातीला चहा ओतता ओतता ती एकदाच म्हणते की पाण्याचा वास बदललाय. कोणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मलाही ती दिसली नसती.

सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. नावंही पाहिली. मग सुतळीचं पेन घेतलं. वरातीमागून घोडं, पण सही करायला आता हरकत नव्हती. त्या रविवारची तारीख टाकावी असा मोह क्षणभर झाला, मग ते फाडलेलं पान आठवलं. 'तापाने आजारी' या शब्दांवर मी एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: 'ताप नव्हता. घरी पाहुणे होते आणि मला गजभियेंची लाज वाटली.' खाली सही केली आणि तारीख आजची टाकली.